इंग्रज मरेनात

सकाळपासून तीनदा लढाई झाली आणि तिन्ही वेळा एकही इंग्रज मेला नाही.

मरायचं ठरलेलं होतं. कागदावर तसं लिहिलेलंच होतं. चाळीस इंग्रज शिपाई लाल डगले घालून लाकडी पुलावरून रांगेनं येणार, पूल अर्धा ओलांडला की दोन्ही काठांच्या झाडीतून बाण सुटणार, फ्रेंचांच्या बंदुका वाजणार, मग मिकमॅक आदिवासी कुऱ्हाडी घेऊन तुटून पडणार आणि पाच मिनिटांत निम्मे इंग्रज ओढ्यात आडवे होणार. उरलेले पळणार. सोपं काम होतं, पडायचं आणि पडून राहायचं. पण इंग्रज होते उंबरखोऱ्याच्या गावठाणातले आणि मिकमॅक होते त्याच गावच्या कातकरवाडीतले. गावठाणातला माणूस कातकऱ्याच्या हातून मरेल, आणि तेही अख्खा गाव काठावर बसून बघत असताना, असं ज्यानं कागदावर लिहिलं तो शहापूर-मुरबाडच्या बाजूला कधी आला नसावा.

चूक कुणाची म्हणाल तर दीपेशची. हा दीपेश शहापूरचा, शूटिंगवाल्यांना माणसं पुरवणारा. बाहेरदेशच्या कुठल्याशा मालिकेतली एक लढाई मुंबईच्या कंपनीकडे आली होती. तिला जंगल हवं होतं, ओढा हवा होता आणि विजेची तार दिसायला नको होती. हे सगळं दोन तालुक्यांच्या शिवेवर उंबरखोऱ्यात सापडलं. देवदार मात्र मिळाले नाहीत, मिळाला साग. झाडं आम्ही मागाहून कम्प्युटरवर बदलू, असं कंपनीवाले म्हणाले. माणसं बदलता येणार नव्हती. दीपेशनं गावात उभं राहून एक नजर फिरवली. जो अंगानं भरलेला त्याला लाल डगला दिला, जो काळा नि काटक त्याला चामड्याचं कुडतं दिलं, आणि जेवायला निघून गेला. लढाईत जिंकतं कोण, एवढं विचारायचं त्याला सुचलं नाही. मिकमॅक कमी पडले तेव्हा त्यानं वाडीतल्या बायकाही घेतल्या. केस मोकळे सोडले, तोंडाला काळा-तांबडा रंग फासला, की लांबून काय कळतंय!

लढाईची हकिकत सांगितली ती हेतलनं. ही दिग्दर्शकाच्या हाताखालची मुलगी, मुंबईची, बोलायला गोड. पहिल्या दिवशी तिनं वाडीतल्या सगळ्यांना सावलीत बसवलं आणि सांगितलं, की पावणेतीनशे वर्षांपूर्वी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला इंग्रज आणि फ्रेंच यांचं भांडण जुंपलं होतं. मिकमॅक हे तिथले मूळचे लोक. त्यांनी फ्रेंचांशी हातमिळवणी केली, कारण इंग्रजांनी जाहीर केलं होतं की मिकमॅक माणसाच्या डोक्याची कातडी केसांसकट जो आणून देईल त्याला सरकारी बक्षीस. हे ऐकून बायकांनी तोंडाला पदर लावले. सगळ्यात नीट ऐकत होता तो म्हादू. पन्नाशीला टेकलेला, वाडीतला शिकारीचा म्होरक्या, बोलायला कमी. त्यानं एकच विचारलं, की शेवटी जिंकलं कोण.

"ही लढाई त्यांनी जिंकली, काका," हेतल म्हणाली. "मुलूख मात्र नंतर इंग्रजांकडेच गेला."

म्हादूनं मान हलवली. त्याला नवल वाटलं नाही. वाडीतल्या घरांखालची जमीनही दुसऱ्याच्याच नावावर होती.

पण म्हादू या कामाला आला तो मिकमॅक लोकांसाठी नव्हे. तो आला रितेशसाठी. इंग्रजांचा कप्तान झाला होता रितेश, कुंडलिकचा मुलगा. कुंडलिक दोनदा सरपंच होऊन गेलेला, नाकावर माशी बसू न देणारा. गावाबाहेरच्या पाझर तलावातले मासे त्याच्या घरचे, असा कुणी न लिहिलेला कायदा होता. तीन वर्षांपूर्वी म्हादूचा धाकटा भाऊ संजू त्या तलावात मेला. बुडून मेला, असं रितेशनं पोलिसांना सांगितलं. प्यालेला होता, मासे चोरायला उतरला आणि बुडाला. संजू प्यायचा हे खरंच होतं. पण जो पोरगा चालायच्या आधी पवायला शिकला तो गुडघाभर गाळाच्या तलावात बुडेल? म्हादूनं प्रेत स्वतः उचललं होतं. कपाळ फुटलेलं होतं आणि छातीवर काळेनिळे गोल डाग होते, वाटीच्या तोंडाएवढे. तो पोलिसांकडे तीनदा गेला. तिसऱ्या वेळी त्याला बाहेर काढलं.

संजूची बायको संगीता मात्र म्हणायची, दारूनं खाल्ला त्याला, आता माती उकरू नका भावजी, दोन पोरं मोठी करायचीत. तिचा नवऱ्यावरचा राग अजून निवला नव्हता. म्हादूचा राग दुसरीकडे होता. रितेशला मारायचा, आपल्या हातानं मारायचा, हे त्यानं तीन वर्षांत इतक्या तऱ्हांनी मनात करून पाहिलं होतं की रानातून चालताना हाताच्या मुठी आपोआप वळायच्या. अशात हेतलनं कागद वाचून दाखवला. लढाईच्या शेवटी मिकमॅकांचा म्होरक्या इंग्रज कप्तानाला पुलाखाली गाठतो आणि कुऱ्हाडीनं मारतो. म्होरक्या म्हादू. कप्तान रितेश. कुऱ्हाड रबराची होती, पण म्हादूनं तिथल्या तिथे हो म्हटलं. खोटा तर खोटा, एकदा तो माझ्या पायाशी मेलेला पडू दे, एवढंच त्याला हवं होतं.

"भावजी, रबराची हाय," चामड्याचं कुडतं अंगावर चढवत संगीता त्याला म्हणाली. "इसरू नका."

पहिल्या दिवशी मरायची पाळी म्हादूची होती. इंग्रजांची टोळी एका मिकमॅकाला गाठून मारते आणि त्याची कातडी काढते, असा तुकडा घ्यायचा होता. म्हादू पाचोळ्यात मेला. रितेश त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसला. डोक्यावर खोट्या कातडीचा तुकडा चिकटवलेला होता, तोच सोलायचा होता. रितेशनं हात घातला तो खऱ्या केसांना. सुरी बोथट होती, तरी त्यानं ती कपाळाच्या वर टेकवून एवढी दाबून ओढली की कातडं फाटलं आणि रक्त म्हादूच्या डोळ्यात उतरलं.

"हलू नको," रितेश ओठ न हलवता म्हणाला. "मेलायस तू."

म्हादू हलला नाही. मेलेल्या माणसानं हलायचं नसतं, आणि घेतलेलं काम चोख करायची त्याला सवय होती. दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या, रक्त अगदी खरं वाटलं म्हणाला.

आता वाडीच्या शिकारीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिकारीला बंदी आहे, ससा मारला तरी वनखात्याचा माणूस दारात उभा राहतो. पण माणसं नेम विसरत नाहीत. ज्याच्या हातानं पहिलं रक्त सांडलं, जनावर त्याचं. त्याच्यावाचून शेवटचा घाव कुणी घालायचा नाही. जनावर धरणारा दुसरा असला तर त्यानं धरून ठेवायचं आणि मालकाला हाक मारायची. रक्त सांडलं की कुणी ओरडायचं नाही आणि जखमी जनावर सोडून घरी जायचं नाही. मग मालक वाटे घालतो, आणि जो जो रानात आला त्या प्रत्येकाला वाटा मिळतो, नुसती पानं हलवली असली तरी.

त्यामुळे दबा धरायला वाडीला शिकवावं लागलं नाही. मारामारी शिकवणारा मास्तर मुंबईहून आला होता, तो झुडपामागं बसून दाखवत होता आणि त्याचं बूड बाहेर दिसत होतं. म्हादूनं आपली माणसं काठावर बसवली ती अशी, की कॅमेऱ्याला एकही सापडेना. शेवटी हेतलनं येऊन विनवलं, काका, थोडं तरी दिसा.

तर लढाई सुरू झाली. दिग्दर्शक उंच लोखंडी माळ्यावर कर्णा घेऊन बसला होता, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात तसा. त्यानं ॲक्शन म्हटलं. लाल डगले पुलावर आले. रबरी टोकांचे बाण सुटले, छातीवर लागले आणि खाली पडले, आणि ज्यांना लागले ते छाती झटकून पुढे चालले. कुऱ्हाडी घेऊन वाडी धावली. इंग्रजांनी लाकडी बंदुका उलट्या धरल्या आणि दस्ते हाणले. एकाचा खांदा उतरला. एका बाईच्या बरगडीत लागलं, ती तशीच वाकून बसली. कट. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी वाडीतल्यांना पाण्यात लोळवून इंग्रजांनी पुलावर उभं राहून आरोळी ठोकली, आणि काठावरच्या गावानं शिट्ट्या वाजवल्या. इतिहास गेला चुलीत. मास्तर कपाळ धरून बसला. पण दिग्दर्शक खूश होता, मारामारी फार खरी येतेय म्हणाला, फक्त शेवटी जरा मरा.

हेतल इंग्रजांच्या रांगेपुढून हात जोडत गेली. कुंडलिक खुर्ची टाकून पुढेच बसला होता. त्यालाही ऊन लागायला लागलं होतं. सिनेमा आहे, मरा आणि घरी चला, असं तोही म्हणाला. दोघाचौघांनी माना डोलावल्या. रितेश पुलाच्या कठड्याला टेकून उभा होता.

"आमी मरायचं आन त्यांनी आमच्या उरावर नाचायचं?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "उद्या वाडीतलं शेंबडं पोर मला बघून हसंल. कातकऱ्याच्या हातून मी मरनार नाय."

म्हादू खाली पाण्यात उभा होता. पोटऱ्यांवरून गार पाणी जात होतं, कपाळावरची कालची जखम पुन्हा उघडली होती. हा खोटासुद्धा मरायला तयार नाही. आपल्या भावाला यानं खराखुरा मारला आणि आपल्याला खोटी कुऱ्हाडसुद्धा लागू पडू देत नाही. त्या क्षणी त्याला रबराचा विसर पडला. ओढ्यात दगड होते, दोन हात होते, बास होतं.

चौथी लढाई. ॲक्शन म्हणायच्या आधीच कुणीतरी धावलं. धुराच्या नळकांड्या फुटल्या आणि पुलावर पांढरं-पिवळं धुकं पसरलं. त्यात फटके ऐकू येत होते, लाकडावर लाकूड, लाकडावर हाड. म्हादूनं एकाचा पाय ओढून त्याला पुलावरून खाली आपटला. दुसऱ्यानं म्हादूच्या पाठीत दस्ता घातला, म्हादूनं तो हिसकून त्याच्याच गुडघ्यावर मारला आणि गुडघा वाजला. वाडी आता कामावर आलेली नव्हती. वाडी लढत होती. ज्यांच्या बायकांना शेतावरून शिव्या घालून हाकललं होतं ते, ज्यांच्या झोपड्यांवरून ट्रॅक्टर नेला होता ते, सगळे दात खाऊन लढत होते. गावाचीही पोरं मागं हटणारी नव्हती. कुणाचं नाक फुटलं, कुणाचा कान फाटला. माळ्यावरून कर्णा ओरडत होता, वा, वा, असंच.

दिनेश हा संगीताचा धाकटा भाऊ. भिवंडीच्या गोदामात ओझी उचलायचा, चार दिवस रजा टाकून आला होता. तो ओढ्यात उतरलेल्या रितेशच्या समोर आला. त्यानं कुऱ्हाड उगारली, आणि सांगितल्याप्रमाणे, शिकवल्याप्रमाणे, ती रितेशच्या खांद्यावर अलगद टेकवली. एवढ्या लढाईतसुद्धा एकटा तोच नाटक करत होता. रितेशनं बंदूक दोन्ही हातांनी मागं नेली आणि दस्ता त्याच्या जबड्यावर घातला. दिनेशचे दात पाण्यात पडले. तो उभाच होता, म्हणून रितेशनं आणखी एक घातला. मग दिनेश तोंडावर ओढ्यात पडला आणि पाणी तांबडं होत गेलं.

तेवढ्यात धुरातून एक गोटा आला. मुठीएवढा, ओढ्यातला. तो रितेशच्या डाव्या भुवईवर बसला. कातडं उघडलं आणि रक्त गालावरून लाल डगल्यावर उतरलं.

वाडी गप्प झाली. एकदम, सगळी. आरडाओरडा चालू होता तो फक्त गावाचा, आणि तोही हळूहळू थांबला, कारण समोरची पंचवीस रंगवलेली तोंडं काही बोलेनाशी झाली होती आणि सगळी एकाच माणसाकडे बघत होती. गावाच्या पोरांना त्याचा अर्थ कळला नसेल, पण भीती कळली. एक लाल डगला मागं सरकला. मग दुसरा. मग पुलावर धडधड झाली आणि इंग्रज पळाले, कागदावर लिहिलं होतं अगदी तसे. दिग्दर्शकानं कट म्हटलं. शिट्टी वाजली. कुणीही थांबलं नाही. दोघींनी दिनेशला ओढून काठावर घेतलं, बाकीचे निघाले.

रितेश ओढ्यानं वरच्या अंगाला पळाला. डोळ्यात रक्त, पायात गुडघ्यापर्यंतचे जाड बूट, ओल्या दगडांवर पाय ठरेना. तो मदतीला हाका मारत होता. मागून काहीच आवाज येत नव्हता, आणि त्यामुळे तो जास्तच ओरडत होता. उजव्या काठानं चार जण, डाव्या काठानं पाच, मधून म्हादू. डुकराला आणतात तसं त्याला त्यांनी डोहाकडे आणलं. तिथं कातळ तिन्ही बाजूंनी उभा आहे. वळून त्यानं बंदूक फिरवली, ती म्हादूच्या कोपरावर लागली. म्हादूनं ती लागू दिली आणि त्याच्या पोटात डोकं घातलं. दोघं पाण्यात पडले. म्हादू वर आला तेव्हा त्याचा गुडघा रितेशच्या छातीवर होता आणि बोटं गळ्याभोवती.

त्यानं दाबलं. रितेशचं तोंड पाण्याखाली गेलं, डोळे उघडे होते. म्हादूला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही, तीन वर्षांत झाला नव्हता एवढा आनंद झाला. आणखी थोडं दाबलं की संपणार होतं. पण रक्त त्याच्या हातानं सांडलेलं नव्हतं. म्हादूनं आयुष्यात बरंच काही मोडलं असेल, शिकारीचा नेम मोडला नव्हता. वाडीची सगळी माणसं कातळावर येऊन उभी राहिली होती आणि वाट बघत होती. त्यानं रितेशला केसांना धरून वर काढलं.

"कोनाचं?" त्यानं विचारलं.

"माझं," मागून आवाज आला.

संगीता पाण्यातून पुढे आली. तोंडावरचा रंग ओघळला होता, हातांवर भावाचं रक्त होतं. आतापर्यंत गोटा मारणारा कुणीतरी पुरुष असेल असं रितेशला वाटलं असावं. आवाज ओळखला तसा त्यानं डोळे मिटले. म्हादूनं ते पाहिलं. दिनेशला मारल्याचं भय ते नव्हतं, दुसरंच होतं.

"आदी त्याला इचार," म्हादू म्हणाला. "संजू कसा मेला इचार."

संगीतानं विचारलं नाही. म्हादूनं रितेशला पुन्हा पाण्याखाली घातला आणि पाय झाडायचे थांबेपर्यंत ठेवला. वर काढला. तो ओकला, खोकला. पुन्हा घातला. तिसऱ्यांदा वर काढला तेव्हा रितेशच बोलायला लागला, कुणी न विचारता, भराभर, सांडल्यासारखा. संजू प्यालेला नव्हता. जाळं टाकताना सापडला. आमी चौघं व्हतो. तो पाण्यात शिरला तर आमी काठावर उभे ऱ्हायलो. काठाला यायचा, आमी बांबूनं परत ढकलायचो. मस्करी व्हती. घाबरवायचा व्हता.

"किती येळा?" संगीतानं विचारलं.

"चार." रितेशचे दात वाजत होते. "चौथ्या येळी डोक्याला लागला. मंग आला नाय."

तोवर वरच्या बाजूला माणसं जमली होती. गाव आला होता, काठ्या घेऊन, लाल डगले तसेच अंगावर, आणि पुढं कुंडलिक. धावून येताना त्यांच्या तोंडात शिव्या होत्या. शेवटचं त्यांनी सगळ्यांनी ऐकलं. कुंडलिकची काठी वर होती ती खाली आली आणि तिच्यावर त्यानं अंगाचा भार दिला. त्या चौघांतले दोघं त्याच्या शेजारीच उभे होते, ते खाली बघायला लागले. वाडीचे पंचवीस आणि गावचे चाळीस, मध्ये एवढासा डोह, आणि कुणी पाऊल टाकेना.

"कोनत्या हातानं?" संगीता म्हणाली.

रितेशचा उजवा हात आपोआप पोटाशी गेला. तिनं तो मनगटाला धरून ओढला, कातळावर पालथा ठेवला आणि पाण्यातला गोटा उचलला. दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि खाली आणला. हाडं सुपारीसारखी फुटली. रितेशची किंकाळी डोहात घुमली आणि वरच्या माणसांतला एक जण मट्‌कन खाली बसला.

म्हादू थांबला. आता वाटे. मालकाचा घाव झाला, आता धरणाऱ्याचा, मग बाकीच्यांचा. पंचवीस वाटे होते. पंचवीस घावांत माणूस उरत नाही हे त्याला कळत होतं, वाडीला कळत होतं, वर उभ्या असलेल्या गावालाही कळत होतं. आणि मग रात्रीपर्यंत वाडीची एक झोपडी उभी राहणार नाही, हेही सगळ्यांना कळत होतं. म्हादूला त्याची पर्वा नव्हती. त्यानं गोट्यासाठी हात पुढे केला.

"दे गो," तो म्हणाला. "माझा वाटा."

संगीता रितेशकडे बघत होती. तो रडत होता, नाकातोंडातून पाणी येत होतं, आणि डोहाच्या पाण्यात त्याला लघवी झाल्याचा पिवळा रंग पसरत होता. तिच्या तोंडावर राग नव्हता. मेलेला उंदीर पाण्याच्या हंड्यात सापडावा तशी तिला त्याची किळस आली होती. तिनं गोटा डोहात टाकून दिला.

"वाटा नाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "हे जनावर खायाजोगं नाय. सोडा."

असं क्वचित होतं. रानात कधी रोगट जनावर हाती लागतं, आतून सडलेलं, तेव्हा मालक हे म्हणतो, आणि मग त्याला कुणी शिवत नाही, कुत्रीसुद्धा हाकलून नेतात. वाडीची माणसं एकेक करून वळली आणि कातळावरून उतरायला लागली. म्हादूचा हात मात्र रितेशच्या केसांतून सुटेना. त्यानं सोडायचं म्हटलं, खरंच म्हटलं, पण बोटं ऐकेनात. शेवटी दोघांनी येऊन त्याची बोटं एकेक करून उघडली. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा होता की शिवीचा, त्याचं त्यालाही कळलं नाही.

मागं रितेश पाण्यात बसून गावाकडे बघत होता.

"उचला ना रे मला," तो म्हणाला.

बराच वेळ कुणी उतरलं नाही. मग कुंडलिक एकटा उतरला, काठी टेकत.

ओढ्याच्या खालच्या अंगाला हेतल रडत उभी होती. तिनंच कंपनीची गाडी काढायला लावली. मागच्या सीटवर दिनेशला आडवा घातला, त्याचं डोकं संगीताच्या मांडीवर. जबडा फडक्यानं बांधला होता, फडकं भिजत होतं. म्हादू पुढं बसला. गाडी शहापूरच्या रस्त्याला लागली. कोपर सुजून मडक्याएवढं झालं होतं, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याला वाटलं होतं, खरं काय ते कळलं की राग निवेल. तो निवला नव्हता. उलट आता त्याला बांबू दिसत होता, आणि काठाला लागलेला हात दिसत होता. ज्या हातांनी गळा धरला होता ते मांडीवर उघडे पडले होते, आणि संगीताचा त्याला इतका संताप आला की मागं वळून बघवेना. भाऊ त्याचा होता. धरलाही त्यानं होता.

"मला का नाय दिलास?" तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "एक घाव मागितला व्हता. एकच."

संगीता भावाच्या कपाळावरचा रंग ओल्या चिंधीनं पुसत होती. आसनगावचा फाटा आला, ट्रकांच्या मागं गाडी थोडी थांबली, पुन्हा निघाली. मग ती बोलली, पण म्हादूशी नव्हे.

"चार येळा आला व्हता तो काठाला," ती म्हणाली. "चार येळा. आन मी तीन वरसं त्याला शिव्या देत्येय, पवता येत असून पोरांसाठी हात मारला नाय म्हनून."